चार नंबरची खुर्ची

मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहाटे साडेपाच.
बाहेर ब्रॉकटनच्या रस्त्यावर बर्फाचं फावडं खरवडतंय,
आत इदाली माझ्या डाव्या हातावर वाकून
स्टेथोस्कोपमधून ऐकते, वाहतंय ना रक्त.
"गुणगुणतंय," ती म्हणते, "बाटलीत माशी अडकल्यासारखं."
मग दोन सुया. मग चार तास.

चार तासांत माणसानं करायचं काय?
टीव्हीवर कुणीतरी कायम केक भाजत असतं.
मी तिचे पत्ते धरतो. खेळायचे नव्हेत,
पांढरे पुठ्ठे, रबरबँडनं बांधलेले,
पुढे नाव, मागे आकडा.
चाळीस वर्षं मी बुटांचे तळ शिवले,
कारखाना गेला तरी नंबर डोक्यातून गेले नाहीत:
साडेसात, आठ, आठ रुंद.
आता या वयात सोडियम.

"एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस."
दुसऱ्याच्या मशीनचं बटण दाबता दाबता,
माझ्याकडे पाठ करून ती पाढा म्हणते.
"कॅल्शियम?"
"साडेआठ ते साडेदहा. कमी झालं तर
गालावर टिचकी मारा, ओठाचा कोपरा उडतो."
मी माझ्याच गालावर मारून पाहिली.
काही उडालं नाही. पलीकडच्या मिसेस गॅलव्हिन हसल्या, तेवढंच.

माझे उच्चार केप व्हर्देचे, तिचे हैतीचे,
मधल्यामधे इंग्रजीचं काय होतं ते इंग्रजीलाच ठाऊक.
जेरेमीत ती अकरा वर्षं नर्स होती.
रक्ताची बाटली बोटीनं राजधानीला जायची,
आकडा परत यायच्या आत
माणूस एक तर बरा झालेला असायचा, नाहीतर.
म्हणून ती पापणी उलटून बघते, नख दाबून बघते.
इथं ती अकरा वर्षं कुणी मोजत नाही.
इथं ती टेक्निशियन. बिल्ल्यावर तसंच आहे.

सगळ्यांत अवघड पुठ्ठे गोष्टींचे.
चार रुग्ण आहेत. आधी कोणाकडे जाल?
मी म्हणालो, ओरडतोय त्याच्याकडे. सरळ आहे.
"नाही, मिस्टर तावारेस. ओरडणाऱ्याकडे श्वास आहे.
गप्प कोण झालंय ते बघायचं."
मला काही पटलं नाही. आम्ही नऊ भावंडं,
गप्प बसला तो उपाशी राहिला.

फेब्रुवारीत पुतणीच्या पोरीचा बाप्तिस्मा झाला.
आंबे होते, त्या थंडीत कुठून आणले देव जाणे.
मी तीन खाल्ले. खोटं कशाला, चार.
मंगळवारी खुर्चीत बसलो तर पाय माझे नव्हते,
जीभ भिजलेल्या चामड्यासारखी जड.
एकेक पुठ्ठा मांडीवर पडू देत होतो,
विचारत काहीच नव्हतो.
दोन नंबरला दुगन बोंबलत होता,
पोटरीत गोळा, तोंडात शिव्या.
इदाली त्याच्याजवळून उठली
आणि माझ्याकडे आली.

मग नर्स धावली, डॉक्टरला फोन,
छातीवर चिकट बटणं, कागदावर हृदयाची रेघ
आणि रेघेवर उंच टोकदार तंबू.
"किती होतं?" मी पुष्कळ वेळानं विचारलं.
ती पांघरुणातून पुठ्ठे गोळा करत होती.
हातात आला तोच नेमका: पोटॅशियम, साडेतीन ते पाच.
"सहा पूर्णांक आठ," ती म्हणाली,
आणि तो पुठ्ठा गठ्ठ्यात तळाला घातला.

काल तिची परीक्षा झाली.
पंच्याऐंशी प्रश्न झाले आणि पडदा आपोआप विझला म्हणे.
म्हणजे एक तर फार चांगलं, नाहीतर फार वाईट.
निकाल उद्या. आज गुरुवार.
आली, वाकली, ऐकलं.
अंगठा माझ्या नडगीवर दाबून धरला, उचलला,
आणि खळगा भरेपर्यंत मनात मोजत राहिली.
मी बोलतच होतो, बुटांचं, बर्फाचं, दुगनच्या बायकोचं,
काहीबाही, मोठ्यानं,
म्हणजे तिनं आधी दुसऱ्या कुणाकडे जावं.